एक किलोमीटरची शिवाशिव



डिसेंबर २०२३मध्ये बुधवार पेठेतला भिडेवाडा पाडला. जोतीराव-सावित्रीनं १८४८ साली मुलींची शाळा काढली ती जागा. पडका वाडा होता, तिथं स्मारक व्हायलाच पाहिजे, माझी तक्रार नाही. पण दोनच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी २०२४ला, राज्य सरकारनं शिक्षणहक्काच्या नियमांत एक बारीकशी दुरुस्ती घुसवली. स्मारक एका हातानं, पाचर दुसऱ्या हातानं.

२००९चा कायदा काय सांगतो? विनाअनुदानित खाजगी शाळेनं पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरांतल्या पोरांना द्यायच्या, फीची भरपाई सरकार करणार. नवा नियम म्हणाला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. आता सांगा, भवानी पेठेत, येरवड्यात, पर्वती पायथ्याला उभं राहून किलोमीटरभरात महापालिकेची शाळा नाही अशी जागा दाखवा! म्हणजे पुण्यात २५ टक्क्यांचं जवळपास शून्य. पूर्वी पाणवठ्यापासून लांब ठेवायचे. आता अंतर मोजून देतात, एवढीच सुधारणा.

त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एका बापाचा फॉर्म मी मोबाईलवर भरत होतो. शाळांची यादी उघडली. महापालिकेची शाळा, महापालिकेची शाळा, मग एक अनुदानित. तो बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, ह्या शाळेत तर मी पण होतो. त्याला फॉर्म कशाला पाहिजे?"

मला उत्तर देता आलं नाय.

सरकारचा हिशोब असा, की शेजारी आपली शाळा असताना खाजगीला पैसे का मोजायचे? ऐकायला गोड आहे. एका पोरामागं वर्षाला १७,६७० रुपये भरपाई ठरलेली, आणि ती थकते म्हणून संस्थाचालक वर्षानुवर्षं बोंबलतायत. मग थकबाकी फेडायची की पोरगं काढायचं? पोरगं काढणं स्वस्त. आणि वाचलेला पैसा महापालिकेच्या वर्गात मास्तर आणण्यासाठी, गळकं छप्पर बदलण्यासाठी खर्च करू, असा शब्द त्या दुरुस्तीत कुठं आहे? शोधून दाखवा च्यायला!

पैशाचा सवाल जोतीरावांनी १८८२ला हंटर कमिशनपुढे टाकला होता. तिजोरी भरतो शेतकरी, शिकतात वरचे. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं लेखी दिलं. महारामांगाच्या पोरांना इतरांशेजारी बसू देत नाहीत, हेही त्याच निवेदनात आहे. मुद्दा तिथंच आहे. २५ टक्क्यांत इंग्रजी माध्यमापेक्षा मोठी गोष्ट एकच : आमचं पोरगं बंगल्यातल्या पोराच्या बाकावर बसतं. नेमकं तेच खुपलं.

कर्नाटकानं हाच डाव २०१८ला खेळला आणि तिथल्या हायकोर्टानं तो चालू दिला. मुंबई हायकोर्टानं मात्र ६ मे २०२४ला स्थगिती दिली, १९ जुलैला दुरुस्ती रद्द केली. मूळ कायद्याला नियमानं छाटता येत नाही, इतकं साधं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही हात घालायला नकार दिला. कोर्टात पालक गेले, संघटना गेल्या. मोठमोठे पुढारी तेव्हा कुठं होते ते त्यांनाच विचारा.

आमच्यातलेच काही म्हणतात, खाजगी शाळेची भीक कशाला, महापालिकेची शाळा सुधारा. बरोबर आहे, मीही तेच म्हणतो. पण ती सुधारेपर्यंत ह्या वर्षीचं पोरगं सहा वर्षांचंच राहणार आहे काय?

नियम गेला, तरी कागदांची चाळण आहेच. भाड्यानं राहणाऱ्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार मागतात. आपल्या पत्र्याच्या खोलीचा करार कोण नोंदवून देतो? म्हणून फॉर्म सुटायच्या आधीच जन्माचा दाखला, जातीचा दाखला, राहण्याचा पुरावा काढून ठेवा. घरमालक करार देत नसेल तर त्याचं नाव आम्हाला कळवा, चौघं मिळून त्याच्या दारात जाऊ.