पडद्यावरचे शहर

मे महिन्याच्या सुट्या जवळ आल्या की नाशिकच्या सराफ बाजारात आणि भांडी बाजारात समुद्रपर्यटनाची चर्चा सुरू होते. पूर्वी सहकुटुंब प्रवास म्हणजे शिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ. आता त्यांच्या जोडीला भूमध्य समुद्रातील आठ दिवसांची जलयात्राही आली आहे. जहाजावर जैन भोजनाची हमी मिळाली की वडीलधाऱ्यांचा अर्धा विरोध मावळतो. तिकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री आठनंतर मावळतो, हे कळले की उरलेलाही मावळतो. चातुर्मासापूर्वी घरी परतणे हा एवढाच नियम मग शिल्लक राहतो.

या जलयात्रांत क्रोएशियातील दुब्रोव्हनिक हे बंदर पुष्कळदा असते. जहाज सकाळी ग्रूझ बंदराला लागते आणि संध्याकाळी निघते. मधल्या सहा-सात तासांत काय पाहावे, याचा निर्णय एका दूरचित्रवाणी मालिकेने परस्पर करून टाकला आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. तिच्यातील ‘किंग्ज लँडिंग’ या काल्पनिक राजधानीची अनेक दृश्ये दुसऱ्या पर्वापासून दुब्रोव्हनिकच्या तटबंदीत चित्रित झाली. तेव्हापासून पिले दरवाजाशी छत्री उंचावून उभे असलेले मार्गदर्शक ‘येथे राजा उभा होता, येथे बंड झाले’ असे सांगत पर्यटकांचे जथे फिरवतात. येशूसंघीयांच्या चर्चकडे चढणाऱ्या अठराव्या शतकातील दगडी पायऱ्यांवर मालिकेतील राणीच्या मानहानीचे दृश्य घेतले गेले. त्या पायऱ्यांवर छायाचित्र काढण्यासाठी आता रांग लागते. लोव्रियेनात्स किल्ल्यात लोक काल्पनिक राजवाडा शोधतात.

त्याच किल्ल्याच्या दारावर लॅटिन भाषेत एक वाक्य कोरलेले आहे. जगातील सारे सोने मिळाले तरी स्वातंत्र्य विकणे योग्य नव्हे, असा त्याचा आशय. ते कोरणारे लोक व्यापारी होते, म्हणून त्याला विशेष वजन आहे. दुब्रोव्हनिक म्हणजे पूर्वीचे रागुसा हे शेकडो वर्षे व्यापाऱ्यांचे प्रजासत्ताक होते. मोठी सेना नाही, विस्तीर्ण प्रदेश नाही. जहाजे, तह आणि पत यांच्या बळावर ते व्हेनिस आणि तुर्की साम्राज्य या दोघांच्या मध्ये टिकून राहिले. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी शहराबाहेर एक महिना थांबावे, असा कायदा या शहराने केला. करोनाच्या काळात विलगीकरण अनुभवलेल्या कोणालाही या सहा शतकांपूर्वीच्या शहाणपणाचे मोल सांगावे लागणार नाही. १४१६ मध्ये तेथील शासनाने आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापारात भाग घेण्यास बंदी केली. नफ्याच्या धंद्यावर व्यापाऱ्यांनीच घातलेली बंदी म्हणून ती इतिहासात उठून दिसते.

स्त्रादुन या संगमरवरासारख्या गुळगुळीत झालेल्या मुख्य रस्त्याच्या टोकाशी स्पॉन्झा नावाची वास्तू आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ही इमारत म्हणजे शहराचे जकात घर. टांकसाळ आणि पेढीही तेथेच होती. १६६७ च्या भीषण भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला, पण ही वास्तू वाचली. आतल्या चौकात, जेथे माल तोलला जाई, तेथील कमानीवर एक लेख आहे. आमची मापे आम्हाला फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलतो तेव्हा परमेश्वर मला तोलत असतो, असा त्याचा भाव. तराजूसमोर आयुष्य घालवलेल्या माणसाने येथे पाच मिनिटे थांबायला हवे. पण चित्रीकरणस्थळांच्या फेरीत बहुधा स्पॉन्झासमोरून पुढे जाणे होते; मग मुले पायऱ्यांकडे ओढतात आणि घड्याळ जहाजाकडे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना द्विनोंदी हिशेबपद्धतीचे जनक म्हणून लुका पाचोली यांचे नाव ठाऊक असते. त्यांचा ग्रंथ १४९४ चा. त्याच्या छत्तीस वर्षे आधी, १४५८ मध्ये, बेनको कोत्रुल्येविच या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्याने व्यापारावर ग्रंथ लिहून त्यात ही पद्धत सांगितली होती. व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात, असा त्याचा आग्रह: कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. ग्रंथ छापला गेला तो मात्र १५७३ मध्ये, व्हेनिसला. तोवर श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा झाले होते. या माणसाचे शहर म्हणून दुब्रोव्हनिक पाहायला जाणारा प्रवासी विरळाच.

तटबंदीवरून खाली पाहिले की लाल कौलांचे दोन रंग दिसतात. फिकट कौले जुनी, भडक कौले नवी. १९९१ मध्ये या शहराला वेढा पडला आणि ६ डिसेंबरला तोफांचा भडिमार झाला. हजारो कौले फुटली, माणसे मेली. नवी कौले ही त्या युद्धाची खूण आहे. मालिकेतील लढाया जेथे लुटुपुटूच्या झाल्या, तेथे खरी लढाई अवघ्या वीस वर्षांपूर्वी होऊन गेली होती. शहराचे रक्षण करताना मरण पावलेल्यांच्या छायाचित्रांची खोली स्पॉन्झाच्याच इमारतीत आहे.

या प्रसिद्धीचा जमाखर्च शहराने अखेर मांडला. युनेस्कोच्या यादीत १९७९ पासून असलेल्या जुन्या शहरात आज जेमतेम दीड हजारांच्या आसपास लोक राहतात. १९९१ मध्ये ते सुमारे पाच हजार होते. घरे पर्यटकांच्या खोल्या झाल्या, किराणा मालाच्या दुकानांत आठवणवस्तू आल्या. २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी जहाजे घेण्याचा निर्बंध ठरला, वेशींवर कॅमेरे लावून माणसांची मोजदाद सुरू झाली. जहाजाने येणारा प्रवासी न्याहारी आणि जेवण जहाजावरच करतो, मुक्कामही तेथेच. शहराच्या वाट्याला गर्दी पूर्ण येते आणि उत्पन्न मात्र अपुरे. गिऱ्हाईक दुकानात आले, माल हाताळला, छायाचित्र काढले आणि निघून गेले, असा हा व्यवहार आहे.

असा अनुभव घेण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातील वाडा घराघरांत पोहोचला. वाडा पाहायला दूरदूरहून माणसे येऊ लागली. थोड्याच काळात गर्दी, वाहने आणि कचरा यांविषयी ग्रामस्थांच्या तक्रारी पुढे आल्या. वाड्यासमोर छायाचित्र काढून परतणाऱ्या पाहुण्याला त्या गावची शेती, पाणी, माणसे यांचा पत्ता नव्हता. दोष पाहुण्याचा म्हणावा, तर गावाने तरी त्याला दुसरे काय दाखवले, असाही प्रश्न विचारता येतो.

नाशिकपुढे हा प्रश्न आज उभा आहे. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथे चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली आहे आणि तिला दादासाहेब फाळके यांचे नाव जोडले जाते. नाव योग्यच आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सारा पसारा नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे सारे पुढचे चित्रपट नाशिकचे. पौराणिक कथेला लागणारा घाट, देऊळ, वन आणि डोंगर येथे हाताशी होते. म्हणजे चित्रीकरणस्थळ या नात्याने नाशिकचे वय शंभरीच्या पुढे गेले आहे.

फाळक्यांची कथा व्यापारी घरात वाचली जावी, ती कलेइतकीच भांडवलाच्या बाजूने. चित्रपट म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या लोकांकडून त्यांना पैसा उभा करायचा होता. त्यांनी कुंडीत बी पेरले, रोज थोडेथोडे चित्रण केले आणि अंकुर वाढून वेल होतानाचा छोटा चित्रपट धनकोंना दाखवला. कर्जाच्या अर्जासोबत आजवर जोडल्या गेलेल्या प्रकल्प अहवालांत इतका प्रामाणिक अहवाल क्वचितच असेल. तारण म्हणून विमापत्र गेले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सरस्वतीबाई नुसते दागिने देऊन थांबल्या नाहीत. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, कलावंतांचा स्वयंपाक, हे सारे त्यांच्याच हातचे. भागीदारांच्या यादीत मात्र त्यांचे नाव कधी आले नाही.

‘लंकादहन’ने १९१७ मध्ये अमाप उत्पन्न मिळवले, अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. त्या यशावर १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. भागीदारांत वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदरदास अशी मुंबईच्या व्यापारी वर्तुळातील मंडळी होती. खर्चाचा हिशेब, कामगारांवरील अधिकार आणि वेळापत्रक यांवरून लवकरच बेबनाव झाला. भागीदारांचा दोष नव्हता असे नव्हे आणि फाळक्यांचाही नव्हता असे नव्हे. भागीदारीच्या करारात नफ्याची वाटणी लिहिली जाते, पण अंतिम शब्द कोणाचा हे लिहायचे राहते. शेकडो पेढ्या याच कारणाने फुटल्या. फाळके काशीला निघून गेले, त्यांच्या अनुपस्थितीत कंपनीचे बस्तान विस्कटले आणि १९२२ मध्ये त्यांना परत बोलवावे लागले. बोलपट आल्यावर कंपनी टिकली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच, बऱ्याचशा विस्मृतीत, त्यांचे निधन झाले.

या कंपनीचा १९१९ मधील ‘कालिया मर्दन’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात बऱ्याच अंशी सुरक्षित आहे. त्यात बालकृष्ण झालेली मुलगी म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. नाशिकच्या शाळांत तो वर्षातून एकदा दाखवला गेला, तर परगावच्या पाहुण्याला ‘येथे काय झाले’ हे सांगणारी पिढी आपोआप तयार होईल.

फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सुमारे २९ एकरांवर आहे. सुटीच्या संध्याकाळी तेथे कुटुंबे येतात, मुले बागेत खेळतात. डोंगराच्या माथ्याकडे पाहणारे कमी आणि चढणारे त्याहून कमी. वास्तविक दुब्रोव्हनिकच्या तराजूवरील लेखाला शोभणारा, पण त्याच्याहून सुमारे चौदाशे वर्षे जुना लेख याच डोंगरावर आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहा क्रमांकाच्या लेण्यात तो कोरवला. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम कधीही काढायची नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी, असा हिशेब लेखात दिला आहे. तो आजही बरोबर जुळतो. हा व्यवहार नगरसभेत जाहीर केला गेला आणि नोंदवला गेला, हेही लिहिले आहे. एकाच गावच्या दोन श्रेणींना दोन वेगळे दर का, हा प्रश्न पतपुरवठ्याच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही सुचेल. ते गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरील आजचे गोवर्धन गाव.

दुब्रोव्हनिकला जाऊ नये, असे यातून निघत नाही. जावे, फक्त मुलांना पायऱ्यांवर अर्धा तास द्यावा आणि स्पॉन्झाच्या चौकासाठी पाव तास राखून ठेवावा. जाण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी पांडवलेणी करावीत. पायऱ्या दोनशेंहून अधिक आहेत, चढण दमवणारी आहे, म्हणून सकाळी लवकर निघणे चांगले. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावे, पाणी बरोबर ठेवावे. एकूण लेणी चोवीस. दहाव्या लेण्याच्या ओसरीतील ब्राह्मी अक्षरे वाचता आली नाहीत, तरी भिंतीवरच्या लेखाच्या ओळी बोटाने न स्पर्शता दाखवता येतात. शेजारचे अकरावे लेणे लहान आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर पद्मासनातील ऋषभदेवांची मूर्ती आहे, कोपऱ्यात सिंहावर बसलेली अंबिका. उजेड कमी असतो, डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते.