फ्लॉपीचे प्रेम नव्हे, बदलाची धास्ती

अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांपर्यंत आदेश पोहोचविणारी यंत्रणा १९७०च्या दशकातील संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालते, असे तेथील सरकारी लेखातपासणी संस्थेने २०१६मध्ये नमूद केले, तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झाले. त्या फ्लॉपी अखेर २०१९मध्ये हद्दपार झाल्या. महासत्तेकडे ना पैशाची वाण होती, ना तंत्रज्ञानाची. मग एवढा विलंब का?

अशा यंत्रणेत फ्लॉपी ही सुटी वस्तू नसते. संगणक, आज्ञावली आणि कार्यपद्धती तिच्याभोवतीच बेतलेल्या असतात. एक दुवा बदलला, की संपूर्ण साखळीची नव्याने चाचणी घ्यावी लागते आणि तोवर काम थांबवून चालत नाही. शिवाय इंटरनेटशी न जोडलेल्या जुन्या यंत्रात दुरून घुसखोरी करणे अवघड असते. त्यामुळे ‘चालते आहे, तर हात कशाला लावा?’ हा विचार बळावतो.

मात्र ही सुरक्षितता उसनी असते. सोनीने २०११मध्ये फ्लॉपीची विक्री थांबविली. सुटे भाग दुर्मिळ होतात, जाणकार तंत्रज्ञ निवृत्त होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोत १९९८मध्ये आलेली, फ्लॉपीवर विसंबलेली नियंत्रण यंत्रणा बदलण्यासाठी २०२४मध्ये २१ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार मंजूर करावा लागला. यंत्रणा उभारतानाच तिच्या निवृत्तीची तरतूद करणे, हाच यातील धडा आहे. ती न केल्यास बदलाची वेळ आपण नव्हे, बिघाड ठरवतो.