आधी कान द्या, मग दाद

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवी मागे टाकली की पेडणे तालुका लागतो. कोल्हापुरातील कित्येक जुन्या घराण्यांची कुलदैवते गोव्यात असल्यामुळे हा रस्ता आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. तरीही तेथील घरांतले भजन, आरत्या, दशावतार आणि मराठी पोथ्या यांत खंड पडला नाही. याच तालुक्यात समुद्रालगत मांद्रे हे गाव आहे. त्याच्या उत्तरेस हरमल, दक्षिणेस आश्वे आणि मोरजी. आज या किनाऱ्याचे नाव निघाले की घरातील तरुण मंडळींचे डोळे चमकतात आणि थोरांच्या कपाळाला आठी पडते. दोन्हींचे कारण एकच, तेथे वाजणारे इलेक्ट्रॉनिक संगीत.

या संगीताचा आणि गोव्याचा संबंध कालपरवाचा नव्हे. 1970 च्या सुमारास हणजुणे येथे परदेशी तरुण येऊन राहू लागले. त्यांच्या किनाऱ्यावरील नाचगाण्यांतून पुढे 1990 नंतर जो प्रकार घडला, तो जगभर ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ओळखला जातो. मिनिटाला सुमारे 140 ते 150 ठोके, प्रत्येक मात्रेवर खर्जातला एक घाव, आणि त्यावर यंत्रातून निघणाऱ्या स्वरांची सतत फिरणारी वेटोळी, असे त्याचे ढोबळ रूप आहे. तथापि आज आम्हांस लिहावयाचे आहे ते किनाऱ्यावरील जलशांविषयी नव्हे. ज्या लहानशा खोल्यांतून असे संगीत जन्मास येते, त्या खोल्यांविषयी लिहावयाचे आहे. एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि वीतभर पट्ट्यांचा एक कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर आता कोणीही घरबसल्या संगीत रचू शकतो. मांद्र्याच्या माडांखाली अशा खोल्या आहेत, तशा त्या आपल्या पेठांतील वाड्यांच्या माडीवरही आहेत. दार लोटलेले, आत मुलगा किंवा मुलगी कानांना यंत्र लावून बसलेली, आणि बाहेर घरच्यांना आत काय चालले आहे याचा पत्ता नाही, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

गेल्या हिवाळ्यात मांद्र्यास एका स्नेह्यांकडे मुक्काम असताना घडलेला एक लहानसा प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. आपल्याच शहरातील एका परिचित घराण्यातला तरुण तेथे काही महिने राहिला होता. रात्रीचे जेवण आटोपल्यावर पडवीत त्याने स्वतः रचलेली सहा मिनिटांची एक रचना ऐकवली. ती संपताच जो तो ‘छान’ म्हणाला. त्याचा मित्र ‘भारी’ म्हणाला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘यात राग कोणता?’ असे विचारून सर्वांना हसविले. आम्हीही ‘छान’ म्हणून मोकळे झालो होतो, हे कबूल करावयास हवे. मात्र स्नेह्यांचे वृद्ध वडील, ज्यांनी गावच्या भजनात आयुष्यभर पखवाज वाजविला, ते एवढेच म्हणाले, “पुन्हा लाव.” दुसऱ्या खेपेस ते डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजीत बसले. मग म्हणाले, “ठोका चांगला आहे, पुता. पण तो श्वास घेत नाही. गजर लागण्याआधी आम्ही हात जरा मागे घेतो, म्हणून गजर अंगावर येतो. तू मागे येतच नाहीस. मग पुढे जाणार कुठून?”

मुलगा प्रथम उत्तरला, “आजोबा, या प्रकारात ठोका असाच अखंड ठेवायचा असतो.” आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्यांना शोधीत आला. चौथ्या मिनिटाच्या सुमारास त्याने खर्जातला घाव सोळा मात्रांपुरता काढून टाकला होता, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन. सतराव्या मात्रेवर तो घाव परत आला, तेव्हा आजोबांची मान आपोआप हलली. त्या मुलाला आदल्या रात्रीच्या सगळ्या ‘छान’पेक्षा ती एक मान अधिक मोलाची वाटली असली पाहिजे.

या प्रसंगात अभिप्राय देण्याची आणि घेण्याची सारी रीत आली आहे. आजोबांनी एकदा ऐकून मत दिले नाही, पुन्हा ऐकले. हे संगीत संगीत आहे की नाही, या वादात ते शिरले नाहीत. मुलाच्या पिढीविषयी किंवा सवयींविषयी ते बोलले नाहीत, रचनेतल्या एका जागेविषयी बोलले. आपल्याला जे ठाऊक आहे, म्हणजे भजनातला गजर, त्याच्याच आधाराने ते बोलले, आणि उपाय शोधण्याचे काम ज्याचे त्याच्यावर सोपविले. मुलानेही आपल्या बाजूने वाद केला हे खरे, परंतु रात्र गेल्यावर त्याने ते वाक्य आपल्या रचनेवर लावून पाहिले. मत पटो न पटो, ते एकदा करून पाहावे, एवढा विनय त्याच्यापाशी होता.

आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. काही वडीलधारे ‘हा कसला खटखटाट’ म्हणून उठून जातात. काही जण मुलाचे मन मोडू नये म्हणून न ऐकताच ‘छान’ म्हणतात. पहिली रीत निष्ठुर आणि दुसरी मायाळू वाटते, परंतु दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. आपण केलेले कोणी ऐकले नाही, एवढेच मुलाला कळते.

असे न ऐकणे किती महाग पडते याची दोन उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडून यमन, भैरवी, ललत, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी केली. ठोक्यासाठी टीआर-808, खर्जाच्या वेटोळ्यांसाठी टीबी-303 आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-8. तबकडी एच.एम.व्ही.ने काढली, पण ती फारशी कोणी घेतली नाही. पुढे 1987 साली शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-303 मधून काढलेल्या आवाजाला जगाने ‘ॲसिड हाउस’ म्हणून डोक्यावर घेतले. हॉलंडमधील एका रेकॉर्ड-संग्राहकाने 2010 साली चरणजितांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. दहा राग वाजविणाऱ्या माणसाला उत्तर मिळावयास 28 वर्षे लागली. उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन हे संगीत वाजविले, आणि 2015 साली ते मुंबईत वारले. 1983 सालीच चार जाणत्यांनी त्यांना ‘हे चांगले, हे अपुरे, आता पुढचे करा’ असे सांगितले असते, तर दुसरी आणि तिसरी तबकडी कशी झाली असती, हा प्रश्न आता निरर्थक झाला आहे.

दुसरे उदाहरण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 साली तेथे मूग सिंथेसायझर बसवून एक स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी 1972 पर्यंत तेथे रचना केल्या. नंतर त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पुरगस यांनी त्या हुडकून काढल्या, आणि 2023 साली त्यांतील निवडक रचना लोकांपुढे आल्या. येथे तर पन्नास वर्षे गेली. दोन्ही वेळा यंत्रे होती, बुद्धी होती, मेहनतही होती. उणीव होती ती ऐकून बोलणाऱ्या माणसांची.

ही उणीव कोल्हापुरात भासावी, हे आम्हांस शोभत नाही. शाहूमहाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांच्याकडे गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर 1921 पासून खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1946 पर्यंत, शिकत राहिल्या. त्या तालमीत दाद कमी आणि दुरुस्ती फार होती, हे सर्वश्रुत आहे. बैठकीत मात्र श्रोता समेवर दाद देई, आणि गाणाऱ्याला आपण कोठे पोहोचलो हे तत्क्षणी कळे. छापील टीकेचीही परंपरा आपल्याकडे आहे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने नामवंत गवयांच्या गाण्याची जी चिकित्सा केली, ती आजही वाचनीय आहे. म्हणजे तालीम, बैठक आणि टीका अशा तीन ठिकाणी गवयाला त्याचे माप मिळे. लॅपटॉपपुढे एकट्याने बसणाऱ्या मुलाला यांतले एकही ठिकाण नाही. त्याचा गुरू म्हणजे बहुधा पडद्यावरचे धडे आणि त्याची बैठक म्हणजे हेडफोन. म्हणून घरच्या श्रोत्याची जबाबदारी वाढली आहे.

कोणी म्हणेल, ज्या संगीताचे आम्हांस ज्ञान नाही, त्यावर आम्ही काय बोलावे? हा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रत्येक प्रकाराचा आपला कायदा असतो. नाचाच्या संगीतात ठोका एकसारखा असतो, तो दोष नव्हे. त्यात बंदिश शोधणे म्हणजे पोवाड्यात ख्याल शोधण्यासारखे आहे. तांत्रिक दुरुस्ती जाणत्यांनीच सुचवावी. परंतु आपले मन कोठे रमले, कोठे भटकले आणि कोठे कानाला टोचले, एवढे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकतो. ‘दुसऱ्या मिनिटानंतर माझे लक्ष उडाले, ते घंटेसारखा आवाज आला तेव्हा परत आले’, हे एक वाक्य रचणाऱ्याला दहा ‘छान’पेक्षा अधिक उपयोगी पडते.

ऐकण्याचीही काही पथ्ये आहेत. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा खर्ज ऐकू येतच नाही. त्यावर ऐकून ‘रचना पोकळ आहे’ म्हणणे हा रचणाऱ्यावर अन्याय आहे. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. आवाज लहान केला की खर्ज आणि अगदी वरचे स्वर आधी विरतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून दाखविले आहे. तेव्हा दोन रचनांची किंवा एकाच रचनेच्या दोन रूपांची तुलना करावयाची तर ती सारख्याच आवाजात करावी. रचणाऱ्यानेही आपली रचना हेडफोन, घरातले स्पीकर आणि मोटारीतला रेडिओ अशा तिन्हींवर ऐकून मगच दुसऱ्यापुढे ठेवावी.

अभिप्राय मागणाऱ्या तरुणांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. रात्री दोन वाजता रचना पुरी करून त्याच क्षणी ती दहा जणांस पाठवू नये. कान थकलेले असतात आणि मन हळवे असते. ‘कशी वाटली?’ असे मोघम विचारल्यास उत्तरही मोघमच मिळते. ‘शेवट लांबला का?’ असे नेमके विचारावे. दोष सांगणाऱ्याला लगेच समजूत घालू नये. तुमची रचना जेथे जाईल तेथे समजूत घालावयास तुम्ही असणार नाही. तिघांना एकाच जागी ठेच लागली तर ती जागा नक्की तपासावी, मग त्या तिघांनी सुचविलेले तिन्ही उपाय चुकीचे असोत. आणि जो दुसऱ्याचे ऐकून त्याला काही सांगत नाही, त्याने आपले ऐकले जाण्याची अपेक्षा ठेवू नये.

शेवटी, मांद्र्याचा विषय काढल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गाव हाही एक श्रोताच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. तरीही गोव्याच्या किनारी गावांतील रात्रीच्या आवाजाचा प्रश्न वारंवार मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जातो. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात, आणि माडांआडच्या घरांत आजारी माणसे व शाळकरी मुले निजलेली असतात. ‘आता पुरे’ हा त्यांचा अभिप्राय ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या कानांची तयारी अपुरी आहे, मग त्याची यंत्रे कितीही भारी असोत. पखवाजवाल्या आजोबांचे एक वाक्य ऐकून सोळा मात्रा गप्प राहावयास शिकलेला तो तरुण हे समजू शकेल, असा आमचा विश्वास आहे.

चतुर्थीला घरी सारी माणसे जमतील. आरती-जेवणे झाल्यावर माडीवरच्या मुलाला किंवा मुलीला खाली बोलवावे, चांगला स्पीकर मागून घ्यावा, आणि जे केले असेल ते ऐकावे. मग ‘छान’ म्हणण्यापूर्वी ‘पुन्हा लाव’ म्हणावे.