वंडर वुमन नेमकी लढते कशासाठी? ८० वर्षांनंतरही उत्तर का सापडत नाही?

बॅटमन कशासाठी लढतो, हे शाळकरी पोरगंही सांगेल. डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला, म्हणून. स्पायडरमॅन? त्याच्या बेफिकिरीमुळे काकांचा जीव गेला, म्हणून. सुपरमॅनला तर कंपनीनेच ब्रीदवाक्य देऊन ठेवलंय. २०२१ मध्ये त्यातला अमेरिकेचा उल्लेख काढला गेला, पण ब्रीद कायम आहे.

वंडर वुमनचं काय? इथे कट्टर चाहतेही अडखळतात. कुणी म्हणतं शांतता, कुणी सत्य, कुणी प्रेम, कुणी महिला सक्षमीकरण. आणि शांततेच्या या दूताच्या हातात तलवार असते, ते वेगळंच.

हा प्रश्न आत्ता पुन्हा वर येण्याचं कारण म्हणजे तिचा नवा सिनेमा. त्याची पटकथा लिहिली जात असल्याचं डीसी स्टुडिओजचे सहप्रमुख जेम्स गन यांनी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे गॅल गडॉटचे दोन सिनेमे मागे टाकून पाटी कोरी होणार. पोशाख, अभिनेत्री यावर सोशल मीडियावर भांडणं होतीलच. पण तिला नेमकं करायचंय काय, हे ठरवणं त्याहून अवघड काम आहे.

सुरुवात कुठून झाली?

१९४१ च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात ती पहिल्यांदा आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रकार एच. जी. पीटर. मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होते. माणूस खोटं बोलतोय का, हे रक्तदाबावरून ओळखण्याची चाचणी त्यांनी विकसित केली होती. तीच पुढे लाय डिटेक्टरचा भाग झाली. त्यामुळे वंडर वुमनच्या हातातली ती सोनेरी दोरी, म्हणजे लासो, कुणाच्या डोक्यातून आली असेल याचा अंदाज लावता येतो.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. स्त्रियांच्या बेटावरून डायना अमेरिकेत येते आणि नाझींशी लढते. इथपर्यंत कथा त्या काळातल्या इतर कॉमिक्ससारखीच आहे. वेगळेपण दिसतं ते मारामारी संपल्यावर.

बॅटमन जोकरला पकडतो, जोकर पळतो, बॅटमन पुन्हा पकडतो. वंडर वुमनच्या वाट्याला आली बॅरोनेस पाउला फॉन गुंथर ही नाझी हेर. पाउलाची लहान मुलगी नाझींच्या ताब्यात आहे, असं पुढे कळतं. वंडर वुमन त्या मुलीला सोडवते आणि पाउला बाजू बदलते. कालची शत्रू अमेझॉन स्त्रियांच्या बाजूने काम करू लागते. गुन्हेगारांना सुधारण्यासाठी मार्स्टन यांच्या कथांमध्ये चक्क एक वेगळं बेट आहे. १९४० च्या दशकात, शत्रूला माकडासारखं रंगवणाऱ्या कॉमिक्सच्या गर्दीत, ही कल्पना साधीसुधी नव्हती.

पण यात एक मेख आहे. त्या बेटावर कैद्यांच्या कमरेला 'व्हीनस गर्डल' नावाचा पट्टा बांधला जातो आणि तो घातला की माणूस आज्ञाधारक होतो. सुरुवातीच्या कथांमध्ये लासोचं कामही फक्त खरं वदवून घेण्याचं नव्हतं, दोरीत सापडलेल्याला हुकूम पाळावाच लागायचा. प्रेमळ सत्तेपुढे शरण जाण्यात सुख आहे, असा मार्स्टन यांचा सिद्धांतच होता. आता जिथे 'नाही' म्हणायची सोयच नाही, तिथे मन बदललं असं कसं म्हणायचं? हा पेच त्यांनी सोडवला नाही. १९४७ मध्ये ते गेले.

मग ध्येयच हरवलं

खरं तर गडबड आधीच सुरू झाली होती. १९४२ मध्ये जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टोळीने तिला सदस्य करून घेतलं आणि काम दिलं सेक्रेटरीचं. पुरुष मोहिमेवर जाणार, ही मागे थांबणार! पुढे प्रेमकथांचा भर वाढला. १९६८ मध्ये तर तिच्या शक्तीच काढून घेतल्या आणि तिने बुटिक उघडलं. १९७२ मध्ये 'मिस' या स्त्रीवादी मासिकाने तिला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून मुखपृष्ठावर झळकवलं. पुढच्याच वर्षी तिला शक्ती परत मिळाल्या. १९८७ मध्ये जॉर्ज पेरेझ यांच्या मालिकेत ती बाहेरच्या जगासाठी शांततेचा संदेश घेऊन आली. तेव्हापासून 'राजदूत' ही ओळख चिकटली.

एक खलनायक, दोन शेवट

राजदूताची खरी परीक्षा २००५ च्या कॉमिक्समध्ये झाली. मॅक्सवेल लॉर्ड हा खलनायक सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो. म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस त्याच्या हातातलं शस्त्र. वंडर वुमन मॅक्सला लासोत बांधते आणि याला थांबवायचं कसं, असं विचारते. लासोत खोटं बोलता येत नाही. तो सांगतो, मला मारून टाक. ती त्याची मान मोडते.

बॅटमन, सुपरमॅन तिच्याकडे पाठ फिरवतात. त्या खुनाची दृश्यं जगभर दाखवली जातात. तिचा हिशोब मात्र सरळ होता: एक जीव की असंख्य? या प्रसंगावर चाहते आजही भांडतात आणि दोन्ही बाजूंकडे दम आहे.

आता तोच मॅक्सवेल लॉर्ड २०२० च्या 'वंडर वुमन १९८४'मध्ये बघा. तो जगभरातल्या लोकांच्या इच्छा पूर्ण करत सुटलाय आणि त्यापायी जग बुडायला निघालंय. इथे डायना त्याला मारत नाही. लासोमधून ती त्याच्याशी आणि सगळ्या जगाशी बोलते, आणि मॅक्स स्वतःची इच्छा मागे घेऊन मुलाकडे धावतो. सिनेमा फसलेला होता, हे मान्य. पटकथा ढिली, लांबी नको तेवढी. पण मार्स्टन यांना जमलं नव्हतं ते या शेवटाला जमलं. दोरी तीच, पण ती खरं दाखवते, निर्णय समोरच्याचा.

उलट ज्याचं भरभरून कौतुक झालं, त्या २०१७ च्या सिनेमाने हाती आलेला मुद्दा घालवला. युद्धदेव एरीजला मारलं की पहिलं महायुद्ध थांबेल, असं डायनाला वाटतं. ज्याला ती एरीज समजते त्याला मारते, तरी सैनिक विषारी वायू विमानात भरतच राहतात. तिचा चेहरा पडतो. सिनेमातला सगळ्यात खरा क्षण हा आहे. मग खरा एरीज येतो, विजा कडाडतात, तो मरतो आणि सैनिक एकमेकांना मिठ्या मारतात!

संयुक्त राष्ट्रांत काय झालं होतं?

ध्येय धूसर असलं की काय होतं, हे २०१६ मध्ये कॉमिक्सबाहेरही दिसलं. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला महिला आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत नेमलं. कार्यक्रमातच काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. तोकडे कपडे, अशक्य बांधा आणि अमेरिकी झेंड्याचे रंग ल्यालेली गोरी नायिका जगभरच्या मुलींची प्रतिनिधी कशी, असा त्यांचा सवाल होता. विरोधातल्या याचिकेवर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या. त्याच महिन्यात महासचिवपदाच्या शर्यतीत सात महिला असूनही निवड अंतोनियो गुटेरेस यांची झाली होती. खऱ्या बायकांना पद नाही, चित्रातलीला मान, ही बोच त्यात होतीच. डिसेंबरमध्ये तिची राजदूतकी संपली.

टीका कपड्यांवर जास्त गाजली. पण 'सक्षमीकरण' हा शब्दच इतका ऐसपैस आहे की त्यात काहीही बसतं, शाम्पूची जाहिरातसुद्धा.

याच्या शेजारी भारतातली प्रिया ठेवून बघा. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर चित्रपट दिग्दर्शक राम देविनेनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक्स आणलं. वाघावर बसलेली प्रिया स्वतः बलात्कारपीडित आहे. तिचा शत्रू नुसता गुन्हेगार नाही, पीडितेलाच दोष देणारं घर आणि गाव आहे. त्यांना मारून भागणार नाही, समजावावं लागणार. २०१६ च्या पुढच्या भागात ती ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुलींसोबत उभी राहते. तिची चित्रं मुंबईत धारावीतल्या भिंतीवरही लागली. यूएन विमेनने प्रियालाही स्त्री-पुरुष समानतेसाठी गौरवलं, आणि तेव्हा कुणी पाठ फिरवल्याची बातमी झाली नाही.

प्रियाकडे वंडर वुमनच्या शंभरावा हिस्साही पैसा किंवा प्रसिद्धी नाही. पण तिला कुणाचं मन बदलायचंय, हे पहिल्या अंकापासून ठरलेलं आहे. पाउलाच्या गोष्टीत वंडर वुमनकडेही ते होतं. नवी पटकथा लिहिणाऱ्यांसमोर ती ८० वर्षांपूर्वीची गोष्ट पडलेलीच आहे, फक्त कमरेचा पट्टा काढून घ्यावा लागेल.