पडून राहा म्हणणाऱ्यांनो

मंडळी, सौ.च्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "वहिनी, महिनाभर उठायचं नाही हं!" माझं डोकं फिरतं. अहो, पडून राहिलं की पायात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. म्हणून तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात.

बाराव्या दिवशी पोटरी सुजली. आक्का निर्गुंडीचं तेल कोमट करून चोळायला बसली. वाटी मी हिसकावूनच घेतली. (आक्का, तू हे वाचशीलच. वाच.) डॉप्लरमध्ये मांडीपर्यंत गुठळी निघाली.

पण खरा राग इस्पितळावर. रक्त गोठू न देणारी पोटातली इंजेक्शनं घरी सोडताना बंद, कागदावर एक ओळ नाही. हे औषध ३५ दिवसांपर्यंत देण्याची शिफारस आहे. विचारलं तर म्हणे, "आजोबा, हा गोऱ्या लोकांचा आजार." साचलेलं रक्त, दुखावलेली शीर, गोठायला टेकलेलं रक्त, ही विर्चोच्या नावाने शिकवतात ती तीन कारणं. यात कातडीचा रंग कुठे आला?

आता किमान तीन महिने गोळ्या. सौ. रोज वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. आक्का अजून बोलत नाही.