प्रश्न विचारण्याची मुभा

इंग्रजीतील भूतकाळी प्रश्नापाशी आपल्याकडील चांगला सुशिक्षित मनुष्यही अडखळतो. शाळा-महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजीचे अध्ययन केलेला, इंग्रजी वृत्तपत्र सहज वाचणारा आणि कचेरीत इंग्रजीतून टिपणे लिहिणारा गृहस्थ प्रत्यक्ष बोलण्याची वेळ आली की 'व्हेअर यू वेंट यस्टरडे?' असे विचारून मोकळा होतो; आणि कोणी चूक दाखविलीच, तर घाईघाईने ती सुधारताना 'व्हेअर डिड यू वेंट?' अशी दुसरी चूक पदरात पाडून घेतो. या दोषाचे खापर कोणी विद्यार्थ्याच्या बुद्धिमांद्यावर फोडतात, तर कोणी मराठी माध्यमावर. माझ्या मते हे दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत. प्रश्न विचारावा तो शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने केवळ उत्तर द्यावे, हा जो आपल्या वर्गांतील जुना शिरस्ता आहे, त्यात या दोषाचे मूळ आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली. शिकण्याची वर्षे वाढली, शिरस्ता मात्र होता तसाच राहिला.

मराठीत प्रश्न करण्यासाठी वाक्याची मांडणी मोडावी लागत नाही. 'तू काल नाशिकला गेला होतास' या विधानात 'नाशिकला' काढून तेथेच 'कुठे' ठेवले की प्रश्न सिद्ध झाला. आणि होय-नाही एवढ्यावर भागणारा प्रश्न असेल, तर शेवटी 'का' जोडून किंवा नुसता स्वर चढवूनही काम निभते. इंग्रजीत प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या अग्रभागी येतो, त्यामागे 'डिड', मग कर्ता आणि नंतर क्रियापद, तेही मूळ रूपात: 'व्हेअर डिड यू गो?' हे 'डिड' म्हणजे क्रियापदाने नेमलेला मुखत्यारच होय. भूतकाळाची सही एकदा त्याने केली की मूळ मालकाने त्याच कागदावर पुन्हा सही करण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि 'डिड यू वेंट' या वाक्याचा दोष हाच की त्यावर दोघांच्याही सह्या पडलेल्या असतात. हे तत्त्व मराठी मुलाला सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. 'तो जात नव्हता', 'ती जात नव्हती', 'ते जात नव्हते' या वाक्यांत काळ, लिंग आणि वचन यांचा सारा भार सहायक क्रियापद वाहते, आणि 'जात' हे रूप जागचे हलत नाही. एवढे एक साम्य फळ्यावर मांडून दाखविले, तरी अर्धे काम होते.

शिवाय ही रचना म्हणजे इंग्रजीचा काही सनातन धर्म नव्हे. १४०० साली निवर्तलेल्या इंग्रज कवी चॉसरच्या काळात मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी आणून, म्हणजे 'वेंट ही?' या धर्तीवर, प्रश्न करण्याची वहिवाट होती, आणि जर्मन भाषेत ती आजही चालू आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे शेजारी-शेजारी नांदतात; 'डिड'चा अंमल स्थिर होण्यास सतराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही बोलू लागताना काही काळ क्रम न बदलता प्रश्न विचारतात, किंवा एकाच वाक्यात दोनदा भूतकाळ घालतात. एका राष्ट्राला जी गोष्ट अंगवळणी पाडून घेण्यास काही शतके लागली आणि जिच्यापाशी त्याची स्वतःची लेकरेही अडखळतात, तिच्यापायी आपल्या विद्यार्थ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता आपण हा विषय शिकवितो कसा, ते पाहा. फळ्यावर 'रमेश बॉट अ बायसिकल ऑन मंडे' असे वाक्य लिहिलेले असते, 'ऑन मंडे'खाली रेघ ओढलेली असते, आणि अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करण्याचा हुकूम होतो. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांतही हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. विद्यार्थी 'व्हेन' लिहितो, 'डिड' घालतो, 'बॉट'चे 'बाय' करतो आणि गुण मिळवितो. परंतु रमेशने सायकल सोमवारी घेतली हे त्याला आधीच ठाऊक आहे, आणि ठाऊक नसते तरी त्याचे त्याला सोयरसुतक नाही. ज्याला उत्तर हवे आहे त्याने विचारावा तो प्रश्न. उत्तर समोर ठेवून करविलेला प्रश्न हा शब्दांची अदलाबदल करण्याचा खेळ होय, आणि खेळात कमावलेले कौशल्य गरजेच्या वेळी जिभेवर येत नाही.

या यांत्रिक सरावाचा आणखी एक दुष्परिणाम असा की नियमाच्या मर्यादा विद्यार्थ्याला कधीच उमगत नाहीत. 'कोणी' हाच जेथे कर्ता असतो तेथे 'डिड' लागत नाही. 'हू ब्रोक द विंडो?' एवढेच पुरते. तसेच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की क्रम पुन्हा विधानासारखा सरळ होतो. परंतु आपला पदवीधर 'आय डोंट नो व्हेअर डिड ही गो' असे म्हणतो, कारण प्रश्नार्थक शब्द दिसताच क्रम उलटावयाचा एवढेच त्याने घोकलेले असते.

याउलट, एखादा मुलगा हाताला प्लास्टर घालून वर्गात येतो, त्या दिवसाची कल्पना करावी. तो पडला कसा, कोठे पडला, दवाखान्यात त्याला कोणी नेले, डॉक्टर काय म्हणाले, हे साऱ्या वर्गाला जाणून घ्यायचे असते. शिक्षकाने तेव्हा धड्याचे पुस्तक मिटून, विचारा, पण इंग्रजीत विचारा, एवढेच म्हटले, तर 'हाऊ डिड यू फॉल?' आणि 'हू टुक यू टू द हॉस्पिटल?' या दोन रचनांमधील भेद त्या घटकाभरात जसा मनावर ठसेल, तसा तो नियमांच्या तक्त्याने ठसणार नाही.

साठ-साठ मुलांच्या वर्गात हे चालावयाचे कसे, आणि नेमलेला अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा केव्हा, अशी तक्रार होईल, आणि ती निराधार नाही. परंतु १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत, व्याकरणाचे पाठ बाजूस ठेवून, नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके यांवर मुलांना डोके चालवावयास लावणारा जो प्रयोग केला, तोही मोठ्या वर्गांत आणि मोजक्या साधनांवर. मन अर्थामध्ये गुंतले असता भाषेची रचना आपोआप आत्मसात होत जाते, ही त्यामागची धारणा होती. आणि मुलांनी विचारलेल्या खऱ्या प्रश्नांना तर ती अधिकच लागू पडते.

परंतु आपल्याकडे जे परीक्षेत येत नाही ते वर्गात टिकत नाही, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावा. तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारावे आणि उमेदवाराने सांगावे हा दस्तूर मोडून, उमेदवारानेच परीक्षकाला त्याच्या कालच्या दिवसाविषयी चार प्रश्न विचारावेत, उत्तरे ऐकून त्यांतून पुढचे प्रश्न काढावेत, आणि गुण त्या प्रश्नांना मिळावेत. एवढा एक फेरफार केला, तर पुढच्याच वर्षी आपल्या वर्गांतून शिक्षकांना प्रश्न विचारणारी मुले दिसू लागतील; आणि मग 'डिड' कोठे घालावयाचे हे त्यांना वेगळे शिकवीत बसण्याची वेळ फारशी येणार नाही.