पांढरे झाड आणि आळशी विशेषणे

झाडांच्या अवरक्त छायाचित्रांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते: लिहिणाऱ्याने चित्र पाहिलेले असते, वाचलेले नसते. काळवंडलेले आकाश, त्याखाली पांढऱ्याशुभ्र पानांनी डवरलेला वृक्ष, आणि सोबत ठरलेली विशेषणे: 'स्वप्नवत', 'पारलौकिक', 'गूढरम्य', 'जणू बर्फच पडले आहे'. या विशेषणांना आमची हरकत आहे. ती अतिशयोक्त आहेत म्हणून नव्हे, तर ती चुकीची आहेत म्हणून. आणि हा केवळ कॅमेऱ्याच्या हौशी मंडळींचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही. वर्णन करण्याआधीच भारावून जाण्याची ही खोड आपण साहित्याच्या वर्गातच लावून घेतलेली आहे.

प्रथम त्या बर्फाकडे वळू. 'जणू बर्फ' म्हटले की ती उत्प्रेक्षा झाली. इथवर तक्रार नाही. परंतु पुढच्याच वाक्यात 'हिवाळ्याची निःशब्दता' आणि 'मृत्यूची छाया' अवतरते, तेव्हा उत्प्रेक्षेचा नकळत भ्रांतिमान झालेला असतो. वस्तुतः चित्रातील पांढरेपणा हा पानाच्या असण्याचा परिणाम आहे. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते. पण तांबड्याच्या पलीकडचा, साधारण ७०० नॅनोमीटरपुढचा प्रकाश ते जवळपास अडवीतच नाही. तो पानाच्या आतल्या, पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांनी बनलेल्या सच्छिद्र थरात विखुरला जातो आणि त्याचा सुमारे निम्मा भाग परत बाहेर फेकला जातो. म्हणून पान उजळते. पानगळीनंतर त्याच झाडाचे तसेच छायाचित्र घ्या. शुभ्रपणा नाहीसा होऊन फांद्यांचा करडा सांगाडा उरेल. ज्याला समीक्षक हिवाळा म्हणतात तो भरगच्च पालवीचा ऋतू असतो.

दुसरा गैरसमज उष्णतेचा. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटात, तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून या किरणांचा शोध लावला. तेव्हापासून अवरक्त म्हणजे उष्णता हे समीकरण डोक्यात बसले आहे. त्यातूनच 'झाडाची आंतरिक ऊब टिपणारा कॅमेरा' अशी वाक्ये जन्मतात. झाड स्वतःच्या तापमानामुळे जे किरण बाहेर टाकते त्यांची तरंगलांबी दहा हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. डिजिटल कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर सुमारे अकराशेच्या पुढे आंधळा असतो. चित्रात जे आहे ते पानावरून परतलेले ऊन आहे.

तिसरी बाब काळाची, आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तीच सर्वांत आधी दिसायला हवी. कॅमेरे बनविणारे सेन्सरपुढे अवरक्त प्रकाश अडविणारी काच बसवितात, कारण तो आत शिरला तर नेहमीचे रंग बिघडतात. छायाचित्रकार लेन्सवर नेमका उलटा फिल्टर चढवितो: ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचे जवळजवळ काही आत न येऊ देणारा. बाहेरची काच दृश्य प्रकाश अडविते, आतली अवरक्त. दोहोंच्या फटीतून जो किंचित प्रकाश पाझरतो त्यावरच चित्र उभे राहते. म्हणून भर उन्हातही, जिथे एरवी सेकंदाचा शंभरावा अंश पुरतो, तिथे कित्येक सेकंद, कधी अर्धा मिनिट कॅमेरा तिपाईवर निश्चल ठेवावा लागतो. आतली काच काढून घेतलेल्या कॅमेऱ्याला ही तपश्चर्या लागत नाही. पण दीर्घ एक्स्पोजरच्या चित्रात तिची खूण स्पष्ट असते. खोड रेखीव, आणि शेंडा विरघळल्यासारखा. त्या विरघळण्याला 'धुके' म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की तो वारा आहे. अर्ध्या मिनिटातील पानांच्या सर्व हालचाली एकाच पृष्ठभागावर साठलेल्या आहेत. हे क्षणचित्र नव्हे. काळाचा एक तुकडा आहे. 'गोठलेला क्षण' हा शब्दप्रयोग येथे नेमका अस्थानी आहे, आणि नेमका येथेच तो हटकून येतो.

भारावलेल्यांच्या विरुद्ध बाजूस संशयी मंडळी उभी आहेत. त्यांच्या मते ही सारी फसवणूक, कारण 'खरे झाड असे दिसत नाही'. मूळ प्रतिमा लालभडक येते; मग गवत पांढरे मानून रंगांचा तोल साधला जातो, कधी लाल आणि निळा यांची अदलाबदल करून आकाश निळे केले जाते, हे सर्व खरे. परंतु ज्या प्रकाशाला मानवी डोळ्यात रंगच नाही, त्याला कोणता तरी रंग द्यावाच लागतो. हे भाषांतर आहे. आणि भाषांतर मूळ शब्द ठेवीत नाही म्हणून त्याला खोटे ठरविणारा वाचक आपण अडाणी मानतो. दुसऱ्या महायुद्धात मिथ्यारंगी अवरक्त फिल्म वापरली गेली ती हिरव्या रंगाने माखलेले छद्मावरण आणि जिवंत पाने वेगळी ओळखण्यासाठी. डोळा फसत होता तेथे मिथ्या रंग खरे बोलत होता.

मात्र म्हणून पांढरेपणाला झाडाच्या आरोग्याचे प्रमाणपत्र मानणेही भाबडेपणाचे आहे. वाळलेले पानसुद्धा अवरक्त प्रकाश बऱ्यापैकी परतवू शकते. शास्त्रज्ञ तांबडा आणि अवरक्त अशी दोन मापे शेजारी ठेवून त्यांतील अंतर वाचतात. एका सुंदर चित्रावरून निदान करीत नाहीत.

यावर अपेक्षित आक्षेप असा, की रसिकाला नॅनोमीटरशी काय कर्तव्य? त्याला अनुभव पुरे. आमचे उत्तर असे: भुजंगप्रयाताला 'संथ मुक्तछंद' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुभवाला आपण गुण देत नाही. वृत्त ओळखल्याने कविता मरत नाही; चित्र कसे घडले हे कळल्यानेही मरणार नाही. १९१० साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अशी निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. पानांच्या या उजळण्याला 'वुड इफेक्ट' म्हणतात ते त्याच्या नावावरून, लाकडावरून नव्हे. शतकभराहून जुनी ही भाषा अजूनही 'अद्भुत' एवढ्याच शब्दावर निकाली काढावयाची, हे रसिकतेचे लक्षण नाही, आळसाचे आहे.

आणि हा आळस निरुपद्रवी नाही. याच अवरक्त प्रकाशात उपग्रह झाडे पाहतात. त्यांच्या मिथ्यारंगी चित्रांत हिरवळ लाल दिसते, आणि भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून आपल्या अहवालांत देशाचे वनाच्छादन मोजते ते उपग्रहचित्रांवरूनच. त्या मोजणीच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागा आणि किमान दहा टक्के छत्र एवढे पुरते. जमीन कोणाची, झाडे कोणती, हा प्रश्न व्याख्येबाहेर राहतो. आंब्याची बाग आणि जुने अरण्य त्या एकाच शब्दात मावतात. व्याख्या लपविलेली नाही, अहवालातच छापलेली असते. पण ती वाचावी लागते. पांढरे झाड पाहून 'स्वप्नवत' म्हणणारा वाचक टक्केवारी पाहून 'समाधानकारक' म्हणेल. चित्र कोणत्या प्रकाशात, किती वेळात आणि कोणाच्या रंगयोजनेने घडले, हे विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नसते. ती सवय लावणे हे भाषेच्या वर्गाचे काम आहे, वनखात्याचे नव्हे.